अंबरीषची दाढ आणि परक्यांचा शपथविधी

नाही, पण मी म्हणतो, मध्ये दाढ आणायची गरजच काय होती? अहो, एका सोमवारचा तर प्रश्न होता! एका! शनिवार-रविवार सुट्टी आहेच, सोमवारची रजा टाकायची, मंगळवारी सकाळी तोझाई लाईनची लोकल पकडून पुन्हा ऑफिसात हजर... आहे काय त्यात? पण आमचा अंबरीष! साध्या गोष्टीचा द्राविडी प्राणायाम केल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही.

तुम्हाला सांगतो, दोन हजार आठ साल. तेव्हा टोकियोजवळच्या ग्योतोकूत आपले आयटीवाले इतके येऊन भरले होते की बोलता बोलता कुणी शिंकलं, तर मागून कुणीतरी 'सत्य आहे!' म्हणायचं. त्यातलाच हा अंबरीष, पुण्याचा, बायको चारुता, मुलगी कस्तुरी. आणि त्याचा शेजारी नीलकंठ. या नीलकंठच्या ऑफिसात एक कोरियन माणूस होता, त्यानं याला तीन पास आणून दिले. कशाचे? सिनेमाचे? सर्कशीचे? छे! सोलला कोरियाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी, त्याचे! पार्लमेंटसमोरच्या अंगणात, उघड्यावर, हजारो लोकांसमोर! "अरे चल," म्हणे नीलकंठ, "दोन-अडीच तासांचं विमान, व्हिसाचं मी बघतो, सोमवारी समारंभ, रात्री घरी. एका सोमवारचा तर प्रश्न आहे!" तिसरा जयप्रकाश, मुंबईच्या बँकेतून बदलीवर आलेला, पास फुकट म्हटल्यावर परक्याच्या बारशालाही जाईल असा, तो तर 'कुठं' हे विचारायच्या आधीच 'येतो' म्हणाला होता.

चारुतानं एकच विचारलं. "कोरियाचा राष्ट्राध्यक्ष तुझा कोण लागतो?"

बरोबर आहे की नाही? देश आपला नाही, राहतो त्या देशाचा नाही, शपथ ज्या भाषेत घेणार ती तिघांपैकी एकालाही कळत नाही! पण अंबरीषच्या मनाला लागलं ते. कारण काय सांगू... या माणसानं जन्मभर सगळं टीव्हीवर पाहिलं. सव्वीस जानेवारीची परेड टीव्हीवर, क्रिकेटची मॅच टीव्हीवर. सख्ख्या बहिणीचं, उल्काचं लग्न त्यानं सीडीवर पाहिलंय हो! खरं कारण सांगून रजा मागितली होती पुण्याच्या साहेबाकडे, तर साहेब म्हणाला, "बहीण आहे ना? तुझं स्वतःचं तर नाही?" आणि हा सॉफ्टवेअर रिलीजच्या रात्री कोड लिहीत बसला. तिकडे नवरीचा भाऊ म्हणून नवऱ्याचा कान पिळायला चुलतभाऊ उभा केला! ती सल अजून आहे. एकदा तरी काहीतरी मोठं, जागेवर उभं राहून, आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढीच इच्छा. वाईट आहे का ती?

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक पक्कं बसलं : खऱ्या कारणाला रजा मिळत नाही. बनवायचं. आणि तुम्हाला तर माहितीये, आपल्याकडे रजेसाठी एकेक आजी तीन-तीनदा वारते. पण चारुतानं तंबी दिली, "घरातल्या कुणाला आजारी पाडायचं नाही, मारायचं तर नावच नको. शुभ बोल." मग उरलं कोण? स्वतः. आणि स्वतःतलं काय? दाढ.

गेला किनोशितासानपुढे. किनोशितासान म्हणजे त्याचे साहेब, शांत, बारीक, आवाज इतका हळू की माणूस आपोआप वाकतो. "सोमवारी... मला... रजा..." एवढं याच्या तोंडून निघालं, आणि त्या माणसानं मान डोलावून खणातून शिक्कासुद्धा बाहेर काढला! शिक्का हवेत होता हो! दोन सेकंद गप्प बसला असता तर काम झालं होतं. पण समोरचा काही विचारत नाही म्हटल्यावर याला घाम फुटला, आणि हा ओरडला, "दाढ! दाढ काढायचीय! खालची! किडलीय!"

झालं. शिक्का खाली, किनोशितासान उभे. "इताइ देस का?" दुखतंय का! सगळं ऑफिस उभं! आता जपानी माणसाला तुम्ही दुखतंय म्हणून सांगून बघा एकदा. त्यांना खोटं सांगता येत नाही असं नाही, पण तुम्ही सांगाल हे त्यांच्या मनात येत नाही, हीच तर पंचाईत! ओगावासान नावाच्या बाई त्याच्या शेजारी बसायच्या, त्या धावत खालच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, पेज घेऊन आल्या. मऊ भाताची पेज, मीठसुद्धा बेताचं. शुक्रवारपर्यंत रोज दुपारी पेज! डब्यात चारुतानं दिलेलं खमंग थालीपीठ, वर लोणी, वास सगळ्या मजल्यावर, आणि हा एका गालानं पेज ओढतोय, समोर बाई मायेनं बघतायत, "सावकाश हं, अंबरीषसान." किनोशितासाननी त्याची दोन कामं स्वतःकडे घेतली. एकानं गालावर लावायची थंड पट्टी दिली. ती लावून हा ट्रेनमधून घरी! दारात कस्तुरीनं बघितलं आणि जपानीत विचारलं, "बाबा, खरंच दुखतंय?" आता काय सांगणार लेकराला? 

बरं, नुसती लाज असती तर गिळली असती. पण मार्च तोंडावर होता! मार्चअखेर याच किनोशितासाननी ठरवायचं होतं, अंबरीषचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवायचं की बॅगा भरून पुणे. कस्तुरीला नुकतीच कोतो भागातल्या शाळेत जागा मिळालेली, चारुतानं दुकानात अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम धरलेलं, नवा फ्रिज घेतलेला... आणि हे सगळं टांगलंय कशाला? तर न किडलेल्या एका दाढेला! एका सोमवारचा तर प्रश्न होता हो!

विमानात बसल्यावर नीलकंठ सहज म्हणाला, "जपानचे पंतप्रधानपण येणार आहेत म्हणे समारंभाला." जयप्रकाश म्हणाला, "म्हणजे जपानी टीव्हीवर दिसणार सगळं! मी ग्योतोकूत सगळ्यांना सांगून ठेवतो." आणि अंबरीषच्या हातातला ज्यूस थेट मांडीवर! टीव्ही! ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्ही आहे! दुपारी चालू असतो!

तिथून पुढे त्याचं सोल संपलं. राजवाडा बघितला, डोक्यात टीव्ही. बाजार बघितला, डोक्यात टीव्ही. जयप्रकाश विचारतोय, "ऑफिससाठी खाऊ काय घ्यायचा रे?" जपानात कुठंही जाऊन आलं की ऑफिसला खाऊ न्यायचा, हा धर्मच. आता दाढ काढून आलेला माणूस कोरियन मिठाईचा खोका कसा वाटणार? पण सवय बघा, यानं घेतला खोका! मग लक्षात आलं, मग तो जयप्रकाशला दिला, मग जयप्रकाशनं तो हॉटेलात बसून खाल्ला.

सोमवारी सकाळी हाडं गोठवणारी थंडी. यानं एक युक्ती काढली. मास्क! टोकियोत फेब्रुवारीत परागकणांच्या भीतीनं अर्धं शहर मास्क लावून फिरतं, कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून यानं कानटोपी, मफलर, वर पांढराशुभ्र मास्क, नुसते डोळे उघडे, असा अवतार केला. पण अहो, ते सोल! तिथं डोळ्यांच्या टप्प्यात कुणाच्याही तोंडावर मास्क नाही! हजारो उघड्या चेहऱ्यांत हा एकटा झाकलेला! लपायला गेला आणि सगळ्यांत आधी तोच दिसायला लागला! सुरक्षावाला आलाच. खुणेनं, "काढा." यानं गालाला हात लावला, "दाढ!" मराठीत! सवय लागली होती ना! तो पुन्हा, "काढा." नीलकंठ दात-ओठ खात कुजबुजला, "अरे काढ रे बाबा, आपल्याला उचलतील!"

काढला. आणि त्याच क्षणी बँड वाजला, लोक उभे राहिले, समोर लांबवर, बोटाएवढे, नवे राष्ट्राध्यक्ष पुढे आले, त्यांनी हात वर केला... आणि उंच काठीवरचा कॅमेरा वळत वळत बरोब्बर यांच्या रांगेकडे! जयप्रकाश दोन्ही हात हलवतोय, "हे इकडे! इकडे!" आणि अंबरीष? अंबरीष खाली बसला. बुटाची लेस बांधायला. बुटाला चेन होती! गर्दीच्या पायांत, गुडघ्यांच्या जंगलात, डोळे मिटून बसला होता तो. वर शपथ चालू, टाळ्या, तोफा, कबुतरं का काय ते उडालं म्हणतात... म्हणतात! कारण यानं ते पाहिलंच नाही. उठला तेव्हा लोक खुर्च्यांवर परत बसत होते. ज्यासाठी एवढं केलं, ते त्यानं ऐकलं फक्त. रडू आलं हो त्याला. थंडीनं डोळ्यांत पाणी आलंय, असं तो म्हणाला, आणि नीलकंठनं ते मानलं, मित्र आहे शेवटी.

मंगळवारी ऑफिस. गालात कापसाचा बोळा, चेहरा पाडलेला. ओगावासान हसल्या, का हसल्या? कुणीतरी 'ओत्सुकारेसामा' म्हणालं, म्हणजे दमलात ना, कशानं दमलो? कँटीनचा टीव्ही बंद, का बंद? आणि तेवढ्यात किनोशितासान आले. हळू आवाजात, "अंबरीषसान, जरा मीटिंग रूममध्ये." मार्चआधी! एकट्याला! त्याला वाटेतच पुण्याचं विमान दिसायला लागलं. कस्तुरीच्या शाळेला काय सांगायचं, नवा फ्रिज कुणाला विकायचा, सगळं ठरवून झालं तिथपर्यंत पोचेस्तोवर.

किनोशितासाननी दार लावलं. बसले. खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "काल सोलला फार थंडी होती म्हणे."

"हो ना!" अंबरीष म्हणाला. "पाय नुसते बधिर झाले होते!"

...

आता तुम्हाला सांगतो, त्या माणसानं काही पाहिलं नव्हतं! हा टीव्हीवर आलाच नव्हता! त्यांनी फक्त सकाळच्या बातम्यांतली हवा ऐकली होती. जपानी माणूस कुठलंही बोलणं हवेपासून सुरू करतो, साधी पद्धत आहे! आणि आमच्या पठ्ठ्यानं जे कॅमेऱ्यापासून लपवलं, ते स्वतःच्या तोंडानं, कापसाच्या बोळ्यासकट, टेबलावर ठेवलं. मग काय, सगळंच सांगितलं. पास, मास्क, लेस. उल्काचं लग्नसुद्धा.

किनोशितासान म्हणाले, "अंबरीषसान. रजा मागताना 'खासगी काम' एवढंच म्हणायचं. आमच्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. मी इतकी वर्षं तेच म्हणतो. ऑफिसात... आणि घरी पण." आणि त्यांनी कॉन्ट्रॅक्टचा कागद पुढे सरकवला. एप्रिलपासून पुढचं वर्ष. शिक्का आधीच मारलेला! त्यासाठीच बोलावलं होतं!

अंबरीष उठला, कमरेत वाकला, पुन्हा वाकला, डोळे भरलेले, दारापर्यंत गेला. मागून तोच हळू आवाज, "एवढ्या थंडीत, एवढ्या गर्दीत, तुम्ही सकाळपासून जागा सोडली नाहीत?"

"नाही, किनोशितासान."

"वा," ते म्हणाले. "साकुरा फुलला की आपलं सगळं ऑफिस झाडाखाली जेवायला बसतं. जागा अडवायला पहाटेपासून एकानं निळ्या प्लास्टिकवर बसून राहावं लागतं. दरवर्षी माणूस मिळत नाही. यंदा तुम्ही बसाल ना?"

आता नाही कसं म्हणणार? कारण काय सांगणार? दाढ तर बिचाऱ्याची काढून झाली होती!