पास्टरचं ग्रीक आणि अक्काचा रोट

...अन् वर मलाच विचारतो, 'भाईदासभाऊ, तुमच्या अंगावर कधी काटा येतो का हो?' येतो का म्हणजे? आपण घाबरत नाही! तुम्हाला सांगतो, धुळ्यात देवपूरला मला शेजारी मिळाला तो हा कुंदन पास्टर, माणूस लाख, पण मोबाइलवर ग्रीक शिकतो! कानबाईचा रविवार, घरात देवी बसलेली, पुरणाचा घमघमाट सुटलेला, आणि हा ओट्यावर मला क्रियापद सांगतोय... फ्रिस्सो! म्हणे, त्यांच्या शास्त्रात भुतंसुद्धा देवाला मानतात अन् भितात, तिथला शब्द. 'नुसतं थरथरणं नव्हे भाऊ, केस उभे राहतात! बाजरीचं शेत कणसांनी ताठ उभं असतं ना, तसे!' म्हटलं, भुतांचे राहत असतील, आपण घाबरत नाही!

'कशालाच नाही?' म्हणाला. म्हटलं, कशालाच नाही, आणि मर्दुमकी दाखवायला आत जाऊन रोट आणला की हो त्याच्यासाठी! आता रोट म्हणजे देवीचा प्रसाद, खायचा फक्त भाऊबंदांनी, परक्याला कणसुद्धा द्यायचा नाही... आणि यंदा पहिल्यांदा कानबाई माझ्याकडे बसलेली, बायकोनं, सुनंदानं, किती वर्षं वाट पाहिलेली! काही चुकलं तर थोरली बहीण झुंबरबाई अक्का देवी उचलून चोपड्याला भाऊ अभिमनकडे नेणार. माहीत होतं मला! पण त्या बाजरीनं डोकं फिरवलं, दुसरं काय?

त्यानं रोट खाल्ला, 'छान झालाय' म्हणाला, अन् मिशीला कण तसेच असताना दारात अक्का! 'भाईदास, रोट कथा गया रे?' मी म्हटलं, कुठे गेला म्हणजे? कोणता रोट? आवाज माझाच, पण निघाला मांजराच्या पिल्लाचा! आपण घाबरत नाही हो, पण हात घाबरला! हातावर पाहतो तर बाजरी उभी! पास्टरच्या हातावर पाहतो तर तिथेही तेच पीक! आणि आत सुनंदा रडायच्या बेतात...

अक्कानं त्याची मिशी न्याहाळली. 'तू खादा?' 'ह... हो अक्का.' 'मंग आते तू आमना भाऊबंद. बस पंगतमा! बठ्ठा रोट सरतस नही तोलोंग दुसरं काही खावानं नही!'

सुटलो! देवी घरातच राहिली, सुनंदा डोळे पुसून हसली! पण सगळे रोट संपेपर्यंत दुसरं काही खायचं नाही, म्हणून पास्टरच्या ताटात रोटांची ही चळत, अन् अक्का समोर मांडी ठोकून वाढतेय, 'खाय रे, घाबरू नको!' मी हळूच विचारलं, पास्टर, या 'घाबरू नको'ला ग्रीकमध्ये काय म्हणतात हो?

म्हणाला, 'शब्द आहे भाऊ, आमच्या शास्त्रात चांगला पानोपानी येतो... पण अक्कांसमोर आठवत नाही.'

म्हटलं, राहू द्या. खा.