मनगट एकच असतं

— नाही नाही, तुम्ही बसा हो विहीणबाई, तुमचे हात काळे करायला नाही बोलावलं मी. नुसतं बघून सांगा. हा एवढासा पट्टा घरी रंगवला तर रंगेल का? तुम्हाला माहिती असतं ना असलं, म्हणून विचारते — रुचा परवाच सांगत होती, आमच्या आईनं जुन्या पर्सला घरीच रंग दिला, दोन वर्षं वापरली. म्हटलं बरं झालं, विहीणबाई येणारच आहेत, त्यांनाच विचारू. मतलब, मोच्याला विचारलं मी आधी. तेलीबागच्या चौराह्यावर बसतो एक. तो म्हणाला, माताजी, नया ले लो, इसमें जान नहीं है. जान नहीं है म्हणे! त्याला काय ठाऊक त्यात कुणाची जान आहे ते.

पृथ्वीच्या वडलांच्या घड्याळाचा आहे हा. बघा ना, तपकिरी होता मूळचा, आता कुठं पिवळट, कुठं काळपट, खालच्या बाजूला तर घामानं मीठ फुटल्यासारखं झालंय. मिलिटरीत, मेडिकल कोअरमध्ये होते, सुभेदार होऊन निघाले — निघाले आणि इथंच लखनौला, तेलीबागेत घर बांधलं, म्हणाले आता कोरेगावला कोण ओळखतंय आपल्याला — आणि हे घड्याळ पहिल्यापासून ह्यांच्या हातात. हे शेवटचं भोक दिसतंय? ते कंपनीचं नाही. आजारपणात मनगट असं वाळलं, घड्याळ पार कोपरापर्यंत घरंगळायचं, तर पलंगावर बसल्या बसल्या दाभण तापवून स्वतः पाडलं त्यांनी. मी म्हटलं, अहो राहू दे, आता कुठं जायचंय वेळ बघून? तर हसले. ह्यांना जाऊन या आश्विनात दोन वर्षं होतील.

काय म्हणालात? नवा पट्टा टाकावा? बघा, तुम्हीपण मोच्यासारखंच बोललात. नवा टाकला तर मग ह्यांचं काय राहिलं त्यात? आतलं यंत्र काय, कारखान्यातलं, हजारांच्या हातात तसलंच. पट्टा तेवढा ह्यांचा. नाही, नवाबिवा नको. मी सगळं काढून बसले आहे हे बघा — हे स्पिरिट, ह्यांच्याच वेळचं, आधी यानं मळ काढायचा. ही काळ्या पॉलिशची बाटली, वर स्पंज असलेली. ही शाई. आणि हा — हसू नका — केसांचा कलप. डोक्याला धरतो तर चामड्याला का नाही धरणार? तीपण कातडीच की. पण भीती एकच, या जूनमध्ये माणूस घागरभर घाम गाळतो, पोरगा ऑफिसला जाईल आणि पांढऱ्या बाहीवर काळा ओघळ. मग म्हणेल, मम्मी ने किया है.

हो, काळाच. तपकिरी कुठून आणू? घरात काळंच आहे. आणि वेळ कुठंय, आज संध्याकाळच्या आत व्हायला पाहिजे. सहाला येतो तो. आला की म्हणायचं, घे, तूच म्हणाला होतास ना, स्ट्रैप देखा है मम्मी, ऑफिस में कैसा लगेगा — घे, आता चकचकीत आहे, घाल. एकदा हातात चढलं म्हणजे मग दिवेलागणीला तुम्ही वाण द्यायला बसलात की — काही नाही. बसलात की फोटो चांगला येईल. वडलांचं घड्याळ हातात, समोर अनारशांचं ताट. तेवढंच.

हां, बघा, स्पिरिटनं किती मळ निघतोय. घासू की नको? घासतेच.

तुम्ही मात्र कमाल केलीत हो. अधिक महिन्याचं वाण म्हणजे आमच्याकडे जावयाला घरी बोलावतात, जेवू घालतात, झालं. जावयाला सुट्टी नाही म्हटल्यावर कऱ्हाडहून लखनौपर्यंत तेहेतीस अनारसे डब्यात घालून सासू-सासरे स्वतः येतात, असं मी नव्हतं पाहिलं. एकसुद्धा मोडला नाही म्हणे वाटेत. नाही, कौतुकानंच म्हणते. जावई म्हणजे नारायण. द्यावंच त्याला. चांदीचा दिवा दिलात तरी मी काही म्हणणार नाही. फक्त — मनगट एकच असतं ना हो माणसाला. एका वेळी दोन घड्याळं कोण घालतं?

घाबरू नका, मला माहिती आहे. लाल डबी. तुमच्या बॅगेत, साड्यांच्या खाली. केर काढताना बॅग सरकवली तर दिसली. चेन उघडी होती — बरं, उघडी नव्हती. आता तोंडातून गेलंच आहे तर गेलं. उघडली मी चेन. डबी नाही उघडली, शपथ घेते, पण घड्याळाची डबी बाहेरून कळते की. लांबुळकी, मखमलीची. तेव्हापासून मला घास गोड लागत नाहीये. वाटलं, झालं, हे गेलं आता कपाटात. सासूनं ओवाळून दिलेलं सोडून बापाचं फाटकं कोण घालेल? म्हणून हा सगळा उद्योग. लाइट गेली. राहू दे, व्याही उठतील उकाड्यानं तर उठतील, तुम्ही बसा.

चला, पॉलिशच लावते. आधी आतल्या बाजूला थोडंसं. बघा, पितंय कसं. जुनं चामडं म्हणजे तहानलेलंच असतं.

आता बोलायलाच लागले आहे तर ऐका. तुम्ही आलात त्या रात्री कारल्याची भाजी केलीत. पृथ्वीनं दोनदा मागून घेतली. माझ्या घरात अठ्ठावीस वर्षं कारलं आलं की ताट सरकवायचा — मम्मी, कड़वा है यार. तुमच्या हाती कारलं गोड झालं? आणि मी सब्जी म्हटलं तर तुम्ही हसलात. हसलात हो, रुचाकडे बघून, मी पाहिलं. तीस वर्षं झाली मला इकडे, अंबाला, बरेली, मग हे. भाजीवाल्या भैयाशी मराठीत बोलू का मी? माझ्या मराठीला गंज चढला, कबूल. पण या पोराला मराठी यावी म्हणून मी काय नाही केलं! जेवायला वाढताना मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. मारलं, लाडानं सांगितलं, दशहरी आंबा हातात धरून म्हटलं, आधी म्हण, आई, आंबा दे. तर म्हणे, मम्मी, आम दो ना. ह्यांची तीच गत. बाबा म्हण, बाबा म्हण, म्हणून मागं लागायचे, तो पापाच म्हणायचा. शेवटी आम्ही सोडून दिलं. म्हटलं येतच नाही त्याला, समजतं तेवढं बास.

आणि तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा स्टेशनवर तो काय म्हणाला, आठवतं? मला आठवतं. "आई, तुम्ही दमला असाल, बॅग मला द्या." अख्खं वाक्य! स्वच्छ! कुठं अडखळला नाही. मी मागं उभी होते पाण्याची बाटली घेऊन. मी आधी मागं वळून बघितलं, दुसरं कोण बोललं म्हणून. विहीणबाई, म्हणजे येत होतं त्याला. आतमध्ये सगळं साठवलेलं होतं, फक्त माझ्यासाठी नव्हतं. तुम्ही येऊन सहा महिने झाले त्याच्या आयुष्यात — लग्न डिसेंबरातलं, सहाच होतात — आणि तुम्ही आई. मी मम्मी. शेजारच्या मिश्रांच्या पोराचीपण मम्मी आणि माझ्या पोराचीपण मम्मी.

हेवा वाटतो तुमचा. झालं, बोलले. हेवा कसला, जळते मी. रात्री तुम्ही सगळे अंगणात बसून हसत होतात आणि मी आत मुद्दाम भांडी वाजवत होते, मावशीबाईनं सकाळी घासली असती ती. तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही चांगल्या आहात, तेच तर वाईट आहे. वाईट असतात तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या घातल्या असत्या.

डोळे कशाला पुसता? मी रडत नाहीये आणि तुम्ही रडता. हा वरचा थरही लावून टाकते, आता अर्धं सोडून काय करू. अहो — कुठं निघालात? रागावलात? विहीणबाई! ... बरं, जा बाई.

आलात. काय आणलंत ते? तीच डबी. मला कशाला, संध्याकाळी त्याला द्या ना, मी बघणार नाही म्हटलं तर — माझे हात बघा, मखमलीला डाग लागेल. तुम्हीच उघडा.

यात घड्याळ कुठंय?

पट्टा आहे. नुसता पट्टा. तपकिरी. हे — हे माप तर — ह्याच घड्याळाचं? तुम्हाला कसं कळलं माप? अच्छा. पृथ्वीनं कळवलं. फोनवर. पट्ट्याच्या कडेचा दोरासुद्धा तसाच बघून आणा म्हणाला? डबी दुकानदारानं जवळ होती ती दिली. बरं. आणि मला सांगायचं सोडून तुम्हाला का? नाही, सांगा, मी ऐकते. मला भितो. मम्मी पट्टा बदलू देणार नाही, घड्याळ बाहेर काढलं तरी रडते, म्हणून तसंच ठेवून दिलंय — तुम्ही वाणात दिलात तर तिला नाही म्हणता येणार नाही. असं म्हणाला. म्हणजे घालायचं होतं त्याला. ऑफिस में कैसा लगेगा, ते सगळं — बरं.

कसं म्हणाला? नाही, मोघम नको, त्याचे शब्द सांगा, जसेच्या तसे. मराठीतच बोलला ना तुमच्याशी?

"आई, मला बाबांचं घड्याळ रोज घालायचंय."

बाबांचं म्हणाला? नीट आठवा. पापांचं नाही? बाबांचं. ... कान तरसले हो त्या माणसाचे. शेवटच्या दिवसांतसुद्धा पापा, पानी दूँ? आणि गेल्यावर म्हणाला बाबा, आणि तेही तुमच्याजवळ.

छान आहे पट्टा. खरंच छान आहे. रंग अगदी ह्यांच्या पट्ट्याचा होता तसा, नवा असतानाचा. आणि ह्यांचा हा मी काळा करून बसले. नाही, नका पुसू, स्पिरिटनं आता काही व्हायचं नाही, आत मुरला. हात नका लावू म्हटलं ना.

स्कूटर वाजली. आला तो. जा, फाटक उघडा. नाही, मी नाही — मला कशाला ओढता, तुम्ही जा. आईनं उघडलं की बरं वाटेल त्याला.

जा हो.