‘ए’ आणि ‘गुड’च्या मधली जागा

— नाही नाही पेंटर, तुमचं काही चुकलेलं नाही. कागदावर दिलंय तेच खडूने आखलंय तुम्ही — वर माझं नाव, खाली इंग्रजीत ‘ए गुड टीचर’. बस्स. मी आपला सहज बघतोय. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाची एक ओळ स्टाफरूमच्या ह्या पाटीवर रंगवतात, आज माझी पाळी — माणूस जातो, ओळ राहते — तेव्हा दोन मिनिटं बघू द्या की.

ही वरची वाचलीत? व्यायामाच्या मास्तरांची. ‘ए व्हेरी व्हेरी गुड टीचर’. दोन-दोन व्हेरी! अहो, हा गृहस्थ पोरांच्या हातात शिट्टी देऊन झाडाखाली घोरायचा! पण मजकूर कुणाचा? हेडबाईंचा. बाईंचा हात सढळ. तरी नशीब, ‘टू गुड’ नाही लिहिलं. हसू नका, फरक आहे — व्हेरी म्हणजे खूप, टू म्हणजे नको तितकं. एका पालकाने अर्जात लिहिलं होतं, माझा मुलगा टू इंटेलिजंट आहे. म्हटलं, इतका जड होत असेल तर घरीच ठेवा.

मी? मी जन्मभर व्हेरी खुडत आलो. निबंधात दिसला की लाल गोल. ‘व्हेरी टायर्ड’ कशाला रे, ‘एक्झॉस्टेड’ म्हण — आणि ‘व्हेरी एक्सलंट’? एक्सलंटच्या वर काय असतं, डोंबल! नुसतं गुड खरं असेल तर गुड पुरतं, त्याला टेकू कशाला? वर्गात कुणाला ‘व्हेरी गुड’ म्हणालो नाही — कध्धीच नाही. घरीही तेच. बायको म्हणते, भाजीला ‘बरी आहे’च्या पुढे ह्यांच्या तोंडून काही निघालं नाही, उद्या मी मेले तरी म्हणतील, बरी होती. विनोदी आहे हो बायको. हसतो आम्ही. म्हणजे — मी हसतो.

तर माझी ओळ लिहिली माझ्याच विद्यार्थिनीने. उद्यापासून माझ्या जागी इंग्रजी तीच शिकवणार. हुशार पोरगी! लहानपणी माझ्यावर निबंध लिहिला होता — माझे सर व्हेरी काइंड आहेत. मी व्हेरीला गोल केला, विचारलं, पुरावा काय? रडली होती. पण शिकली ना? आज सकाळी हा कागद घेऊन आली, डोळे भरलेले, म्हणते, “सर, तुम्ही शिकवलंत तसंच. एक शब्द जास्तीचा नाही.” मी शाब्बास म्हणालो. म्हणालो का? नाही — ‘बरं’ म्हणालो.

बरोबरच लिहिलंय तिने. बोट ठेवायला जागा नाही. फक्त — पेंटर, तुमच्या धंद्याच्या नजरेने सांगा — ओळ जरा आखूड नाही वाटत? वर ती लांबलचक आणि खाली ही एवढीशी — लांब शर्टाखाली आखूड चड्डी घातल्यासारखी. तो ‘ए’ थोडा डावीकडे सरकवला, तर मध्ये चार अक्षरं बसतील ना? शोभेसाठी हो. तोल म्हणून. नाही नाही, रंगाने नको, खडूनेच लिहा, बघू तरी.

हां... थांबा, मागे होऊन बघतो. अहो, छान दिसतं हो. खूप — खूप खूप छान दिसतं! सगळी नोकरी ह्या खोलीत गेली पेंटर, आणि एकाने तरी कधी — जाऊ द्या. रंग भरा तुम्ही. भरा लवकर, कुणी यायच्या आत —

कोण? ये गं, ये. काही नाही, हे आपले पेंटर बघ, मनानेच काहीतरी लिहून बसलेत. अहो, सांगितलं होतं ना तुम्हाला, कागदावर आहे तेवढंच! माझ्या तोंडाकडे काय बघताय? पुसा. पुसा म्हणतो ना ते!