भलतेच प्रभाकर

मुलुंडच्या एका वाचनालयाच्या मासिकाच्या जुन्या अंकांची वेबसाइट मी पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत केली होती ना, तेव्हाची गोष्ट. एक दिवस शेजारच्या सुमनकाकूंचा फोन आला. "अरे, आमच्या ह्यांचं नाव टाकलं की भलतेच प्रभाकर वर येतात. हे कुठे गेले?"

काकांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं एकच पत्र छापून आलेलं, खाली एकदाच नाव. माझा सर्च मात्र ज्या लेखात नाव जास्त वेळा, तो वर दाखवायचा. मी लिहिणाऱ्याच्या नावाला जास्त वजन दिलं, तसं पत्र पहिलं आलं.

काकूंनी मला ते फोनवरच वाचून दाखवलं. वाचनालय संध्याकाळी तासभर जास्त उघडं ठेवावं, एवढीच विनंती होती. मग म्हणाल्या, "आता दुसरं दाखव."

दुसरं नव्हतंच.

"शोधतो, काकू," मी म्हटलं.