उंबऱ्याच्या मागनं आलेली अक्का

...आणि वर मलाच विचारतात, "मेस्त्री, उंबरा काढलाच कशाला?" अहो, मी काढला? हात माझा होता, पहार माझी होती, कबूल, पण डोकं कुणाचं होतं? डोक्याचं काम मला कधी कुणी दिलंय का? चौथीत शाळा सुटली तेव्हापासनं हुबळीत घरं बांधतोय, पाडतोय, पाडलेली परत बांधतोय, आणि एवढ्या वर्षांत धडा एकच पाठ झालाय... मालक म्हणेल तसं! मालक म्हणाला भिंत घाल, घातली. दहा वर्षांनी त्याच मालकाची सून म्हणाली, ही भिंत कुठल्या शहाण्यानं घातली? म्हटलं असेल कोणतरी, पाडू का? पाडली.

तर ऐका. केशवापुरात श्रीकांतशेठांचं घर आहे, कापडवाले श्रीकांतशेठ. मूळचे सांगलीकडचे, पण दोन पिढ्या इथंच. ते घर एकतीस वर्षांमागं मी बांधलं, या हातांनी. त्यांचा अमित तेव्हा माझ्या वाळूच्या ढिगात चड्डी भरवून घ्यायचा. आता तो बेंगळूरच्या कंपनीत मोठा कोण की झालाय आणि इथंच घरात बसून नोकरी करतो, म्हणजे दिवसभर कानात बोंडं घालून भिंतीशी इंग्लिश बोलतो. भिंत मी बांधलेली, ती बिचारी ऐकून घेते.

आता दोन महिन्यांमागं काय झालं, अमितच्या आई, कमलअक्का, गेल्या बहिणीकडं सांगलीला महिनाभर. त्यांची पाठ वळली तसा अमितचा मला फोन. "मेस्त्री अंकल, आई यायच्या आत घर रिनोव्हेट करायचं. सरप्राईज आहे."

तुम्हाला सांगतो, घरातल्या बाईला न विचारता घराला हात लावणं याला आमच्या धंद्यात सरप्राईज म्हणत नाहीत. दुसरा शब्द आहे, तो तुमच्यासमोर बोलत नाही.

पण मालक म्हणेल तसं!

हल्ली घर नवं करायचं म्हणजे काय करायचं ठाऊक आहे का? आहे ते सगळं दिसेनासं करायचं. छताच्या खाली दुसरं छत. का? पहिलं छत दिसतं म्हणून! पंख्याचा हूक मी एकतीस वर्षांमागं दिलेला, तो त्या दुसऱ्या छतानं झाकला, आणि मग मलाच विचारतात, अंकल, पंखा कुठं लावायचा? भिंतीला रंग कुठला, तर पांढरा नाही, पांढऱ्यासारखा! सूनबाई पल्लवी फोन घेऊन माझ्या मागनं मागनं, "अंकल, हे बघा, असं पाहिजे." बघितलं. फोनमधल्या त्या घरात चप्पल नाही, बादली नाही, कुठं टॉवेल वाळत घातलेला नाही. म्हटलं, ताई, इथं राहतं कोण? तर म्हणते, "कोण नाही अंकल, डिझाईन आहे." घ्या! तिथं राहायला कोण तयार नाही, आणि हिला तसंच पाहिजे.

बरं, तेवढंही केलं. मग एके दिवशी अमितनं खोक्यातनं ते कासव काढलं.

कासव म्हणजे खरं नव्हे हो, यंत्राचा झाडू. ताटाएवढा गोल, काळा, पोटाखाली ब्रश. आपला आपण घरभर फिरतो आणि केर खातो. भिंतीला धडकला की वळतो, खुर्चीला धडकला की वळतो, श्रीकांतशेठांकडं आला की श्रीकांतशेठ दोन्ही पाय सोफ्यावर घेतात. पण उंबऱ्यापाशी आला की संपलं. तिथंच धडका मारतो आणि आतनं एक बाई ओरडते, "प्लीज हेल्प, आय ॲम स्टक! प्लीज हेल्प!" मी पहिल्यांदा ऐकलं आणि थापी टाकून न्हाणीकडं पळालो, म्हटलं सूनबाई कोंडली की काय.

अमित म्हणतो, "अंकल, सगळे उंबरे काढा. झिरो लेव्हल पाहिजे." म्हटलं, स्वयंपाकघराचा? "काढा." मधल्या खोलीचा? "काढा." म्हटलं, आणि समोरच्या दाराचा? तो सागवानी आहे, मी बसवलाय, तुझी आई रोज त्याला हळदकुंकू लावते. "तोपण काढा. व्हरांडा कोण झाडणार?"

मी गेलो श्रीकांतशेठांकडं. घर त्यांचं, कागद त्यांच्या नावचा. म्हटलं, शेठ, दारचा उंबरा काढायला सांगतोय पोरगा. शेठनी पेपर खाली केला, मागं अमित ऐकत नाही ना ते बघितलं, आणि हळूच म्हणाले, "मला काय विचारतोस सिद्राम? मी पण इथं आता भाडेकरूच." आणि पाय सोफ्यावर घेतले. कासव येत होतं.

काढला. पहार घातली आणि काढला. एकतीस वर्षांत कुठं कीड नाही, कुठं भेग नाही, कुंकवानं लालभडक झालेलं लाकूड. अमित म्हणतो, "अंकल, हा कचरा उचला."

आता आमच्या धंद्यात रीत आहे, मालक कचरा म्हणाला की तो माल मेस्त्रीचा. माझं घर बघितलंय का तुम्ही? नवनगरच्या मागं. अख्खं घर असल्या कचऱ्याचं! खिडकी सप्तापूरच्या एका प्रोफेसराची. फरशी अकरा घरांची, अकरा रंगांची. न्हाणीचं दार एका डॉक्टराच्या दवाखान्याचं, त्याच्यावर पाटी आहे, 'भेटण्याची वेळ पाच ते सात'. माझी नागुबाई म्हणते, या घरात अंघोळीला पण नंबर लावायचा का? तर या घराला उंबरा तेवढा नव्हता. आता झाला. चौकटीत असा बसला की वाटावं याच दारासाठी कापलाय. नागुबाई खूश, म्हणाली, चला, उंदीर तरी ठेच खातील.

आणि मग शुक्रवारी कमलअक्का आल्या सांगलीहून.

मी होतो तिथं. फाटकापाशी, सिमेंटच्या पोत्यामागं. लपलो नव्हतो... बरं, लपलो होतो. अक्का रिक्षातनं उतरल्या, हातात पिशवी, पायऱ्या चढल्या, आणि दारात उजवा पाय उचलला. एकतीस वर्षांची सवय! उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि ओलांडायला खाली काय नाहीच! पाय हवेत गेला आणि असा आपटला... जिन्याची एक पायरी कमी निघाली की माणूस कसा हिंदकळतो, तसं. दाराला धरलं म्हणून वाचल्या. खाली बघितलं. सपाट, गुळगुळीत, झिरो लेव्हल. तेवढ्यात आतनं कासव आलं आणि त्यांच्या पावलाला धडकलं, "प्लीज हेल्प!"

अमित म्हणतो, "सरप्राईज, आई!"

अक्का म्हणाल्या, "उंबरा कुठाय?"

घरातल्या तिघांनी, तुम्हाला सांगतो, तिघांनी मिळून बोट दाखवलं पोत्याकडं. श्रीकांतशेठनी पण!

"सिद्राम, कुठं नेलास?"

"घरी, अक्का."

"कशाला?"

"लावला."

"कुणाच्या दाराला?"

"...माझ्याच."

रिक्षा अजून वळली पण नव्हती. अक्का परत फिरल्या, पिशवी घेऊन तीच रिक्षा पकडली, आणि मागनं मी माझी स्कूटर, तिला चढावर खोकला येतो. पोचतोय तर अक्का माझ्या दारात, माझ्या... म्हणजे त्यांच्या... उंबऱ्यावर बसलेल्या. म्हटलं, अक्का, चला घरी, मी सोडतो. तर म्हणतात, "उंबरा इथं म्हणजे माझं घर इथं. मी आल्येय घरी."

मी स्कूटर भिंतीला टेकवली.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, हसू नका. हा उंबरा बसवायच्या आधी ते घर माझ्या पायाखालचं होतं. आम्ही बौद्ध, पण त्यांच्या देवघराला गिलावा मीच केलाय. चुलीचा ओटा मीच घातलाय. घरभर हिंडत होतो, कोण काय म्हणत नव्हतं. मग उंबरा बसला, त्याला हळदकुंकू लागलं, आणि त्या दिवसापासनं माझा चहा उंबऱ्याच्या बाहेर. एकतीस वर्षं. आत जाऊन संडासाची नळी दुरुस्त करायची आणि चहाला बाहेर पायरीवर यायचं. राग? छे हो. मालक म्हणेल तसं!

पण नागुबाई विसरली नव्हती. ती आतनं बाहेर आली, अक्कांकडं बघितलं, आणि म्हणाली, "चहा ठेवलाय. पण आत येऊन प्यावा लागेल, अक्का. आमच्यात चहा बाहेर देत नाहीत."

मी म्हटलं, मेलो.

समोरच्या घरातल्या शेवंताबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या. आतनं चहा उतू जाऊन चुलीवर फसफसला तरी कोण हललं नाही. मग अक्का उठल्या. पाय उचलला, उंबरा ओलांडला, माझ्या अकरा रंगांच्या फरशीवर आल्या, आणि चहा प्यायल्या. नंतर म्हणाल्या, "साखर जास्त घालतेस गं."

झालं! तिथनं पुढं पाच दिवस, पाच दिवस ती बाई माझ्या घरात! सकाळी उठून उंबऱ्याला हळदकुंकू. नागुबाई म्हणते, "अक्का, आमच्यात नाही हो हे." अक्का म्हणतात, "तुमच्यात नसू दे, उंबरा माझा आहे." वर भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली उंबऱ्याला कुंकू, आणि मधे मी, दोघांच्या मधनं आडवा पाय टाकत बाहेर जाणारा! आणि दोघी बायका एक झाल्या की तुम्हाला सांगतो, घराची तपासणीच सुरू. "सिद्राम, ही खिडकी वाकडी आहे." "सिद्राम, या न्हाणीत सातनंतर जायचं नाही काय?" अहो, एकतीस वर्षांत या बाईनं मला एवढी कामं दिली नव्हती!

बाहेर तर नावच गेलं माझं. केशवापुरात बोलायला लागले, मेस्त्रीनं उंबरा नेला तो नेला, मागनं आई पण नेली! ज्यांनी स्वयंपाकघर फोडायला बोलावलं होतं त्यांचा फोन, "मेस्त्री, जरा थांबू या, आमच्या आईची तब्येत बरी नाही." म्हटलं, अहो, तुमची आई नको मला, एक आहे ती पुष्कळ झाली!

आणि गुरुवारी तिकडं वास्तुशांत. पत्रिका वाटलेल्या, सांगलीची माणसं निघालेली. बुधवारी सकाळी अमित आला गाडी घेऊन.

"आई, घरी चल."

"घरीच आहे मी."

"आई, उद्या पाहुणे येणार. तुझ्याशिवाय पूजा कशी करू?"

"का? ते फिरतंय की घरभर. त्याला बसव पाटावर."

"अगं, साफसफाईला आणलंय ते. तुझी कंबर दुखते म्हणून."

"कंबर माझी, दुखणं माझं, उंबरा माझा. तू मला विचारलंस?" आणि मग म्हणाल्या, "कासव देवळात पण असतं रे. पण ते देवापुढं गप्प बसतं, दार तोडा म्हणत नाही."

अमित एवढा बेंगळूरचा गडी, वाळूच्या ढिगातल्यासारखं तोंड झालं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "अंकल, उंबरा परत बसवा."

मालक म्हणेल तसं!

माझ्या दाराचा काढला, त्यांच्या दाराला बसवला. सूर्य कलायच्या आत, एका लेव्हलमधे, तसूभर इकडं तिकडं नाही. अक्का शेजारी उभ्या, "खाली घे, डावीकडं घे." मीच पहिल्यांदा बसवलेला आणि मलाच शिकवतात! काम झालं, हात धुतले आणि सवयीनं बाहेर पायरीवर बसलो.

आतनं हाक आली. "सिद्राम, तिथं काय करतोस? आत ये चहाला. नागुबाईला कळलं तर माझी खैर नाही."

उठलो. उंबरा ओलांडला. उगाच पाय जड झाला, वय झालंय. सोफ्यावर बसलो, श्रीकांतशेठ म्हणाले, "पाय वर घे, येतंय." एकतीस वर्षांनी त्या घरात आत बसून चहा, तुम्हाला सांगतो, कप हातात घेतला आणि बघतोय तर काय... हिरवा! पल्लवीनं केलेला. दूध नाही, साखर नाही, वर एक पान तरंगतंय! एकतीस वर्षं बाहेर बसून झकास आल्याचा चहा पीत होतो की हो मी!

प्यायलो. मालक म्हणेल तसं.

निघताना अमितनं ते कासव खोक्यात घालून माझ्या हातात दिलं. "अंकल, उंबऱ्यामुळं आता काय उपयोग याचा. हा कचरा न्या."

कचरा म्हटलं की मेस्त्रीचा! रीत आहे! आणलं घरी. नागुबाईनं कळ दाबली, फिरलं ते अकरा रंगांवरनं, आणि सरळ दारातनं बाहेर. आता अडवायला उंबरा कुठाय? गेलं गल्लीत. थोड्या वेळानं कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या महादेवची हाक, "मेस्त्री, निम्म आमी बंतु नोड्री!" तुमचं कासव आलंय बघा म्हणतो. आणलं. दुसऱ्या दिवशी परत गेलं. आता गल्लीतली सगळी त्याला ओळखतात, शेवंताबाई तर आपलं अंगण झाडून झाल्यावरच परत पाठवतात!

नागुबाईला म्हटलं, थांब, विद्यागिरीत एक जुनं घर फोडायला निघालंय, तिथला उंबरा आणतो. तर कंबरेवर हात ठेवून म्हणते, "अजिबात नाही. नवा आणायचा. जुना आणलात तर मागनं आणि कुणाची तरी आई येईल." उभ्या जन्मात या घराला मी नवीन काही आणलं नव्हतं हो! सांगून आलोय लाकडाच्या वखारीत, पंधरा दिवस लागतील म्हणाले.

तोवर? तोवर काय, दारात मीच बसतो, पाय आडवे पसरून. कासव येतं, नडगीला धडकतं, "प्लीज हेल्प" म्हणतं आणि वळतं. चाललंय. फक्त शुक्रवारी भीती वाटते. कमलअक्का आता दर शुक्रवारी नागुबाईकडं चहाला येतात, दारात थांबतात, पिशवीतनं सवयीनं कुंकवाचा करंडा काढतात, आणि माझ्या गुडघ्यांकडं बघत उभ्या राहतात.

लावतील एखाद दिवशी. लावू देत. मी काय... मालक म्हणेल तसं!