कुंपणातून आत आणलेल्या तीन कोंबड्या

शनिवार, दिनांक ८ नोव्हेंबर, सकाळी.

नाव: तक्रारीत लिहिले आहे तेच, बरोबर आहे. वय ४४ वर्षे. शिक्षण पदवीपर्यंत. व्यवसाय: जमीन मोजणीच्या खाजगी कचेरीत आरेखक. राहणार: कालव्याच्या रस्त्यावरचे डावीकडचे शेवटचे घर.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, माझा कुत्रा शेजारच्या कोंबड्या आत आणतो, या तक्रारीची चिठ्ठी मला मिळून अकरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी आले नाही, काही कळवलेही नाही, याबद्दल दिलगीर आहे. आजारी नव्हते, परगावीही गेले नव्हते. काय सांगायचे ते ठरत नव्हते. जबाब हवालदार लिहून घेणार होते, पण पहिल्या दोन ओळींत मी तीन दुरुस्त्या सुचवल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहा, मी वाचतो." म्हणून हा जबाब माझ्या हस्ताक्षरात आहे.

माझ्या घरामागे मोकळी जागा आहे. तिथे माझ्या स्वतःच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात आणि संध्याकाळी खुराड्यात जातात. त्याच जागेत एक कुत्राही असतो. रंग तांबूस, डावा कान फाटलेला, वय आठ. कुत्र्याचे नाव फौजदार आहे. ते माझ्या धाकट्या भावाने ठेवले आहे आणि त्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. (हे ऐकून हवालदार म्हणाले, "जरा हळू बोला, साहेब आत आहेत.")

माझ्या जागेच्या आणि तक्रारदारांच्या जागेच्या मध्ये मेंदीचे कुंपण आहे. त्यात खालच्या बाजूला एक फट आहे. जागेचा नकाशा मी काढून सोबत जोडला आहे. फट प्रमाणापेक्षा मोठी दाखवली आहे, एरवी ती दिसली नसती. तक्रारदार हे निवृत्त बसचालक असून मी त्यांना काका म्हणते.

कुत्रा आणि कोंबड्या एका जागेत कशा राहतात, असे मला विचारण्यात आले. कुत्रा आणला तेव्हा माझा याला विरोध होता. भाऊ म्हणाला, "ताई, मला एक हिवाळा दे." तो रोज कचेरीतून आल्यावर कोंबडी काखेत धरून कुत्र्याशेजारी जमिनीवर बसत असे. दुसरा हात कुत्र्याच्या मानेवर. कुत्रा आधी थरथरायचा, टक लावून बघायचा. त्याने नजर वळवून जांभई दिली की भाऊ म्हणायचा, "झालं, हिची नोंद झाली." मग तो कोंबडी खाली सोडायचा. तेव्हापासून ती कोंबडी कुत्र्याच्या हवाली. नवीन आलेली प्रत्येक कोंबडी याच रीतीने त्याच्या हाताखालून गेली आहे. भाऊ घरातून गेल्यानंतरच्या कोंबड्या मी तशाच काखेत धरून बसले. मला वेळ जास्त लागला.

दिवस कलला की कुत्रा जागेला एक फेरी मारतो. मागे राहिलेल्या कोंबड्यांना खांद्याने ढकलत आणतो. दात लावत नाही. सगळ्या आत गेल्या की खुराड्याच्या दारात आडवा पडतो आणि मी येऊन कडी लावीपर्यंत उठत नाही. कडी लावल्यानंतर तो काय करतो ते तक्रारीत विचारलेले नाही.

परक्या कोंबड्यांना तो थारा देत नाही. काकांच्या जुन्या कोंबड्या अनेकदा फटीतून आल्या आहेत. त्यांना तो भुंकून परत पाठवतो आणि त्या पलीकडे जाईपर्यंत फटीशी उभा राहतो. काकांनीही हे मान्य केले आहे.

गेल्या महिन्यात काकांनी तीन नव्या कोंबड्या घेतल्या. दोन करड्या, एक उघड्या मानेची. तिसऱ्या संध्याकाळी मी कडी लावायला गेले तेव्हा त्या तिन्ही माझ्या खुराड्यात होत्या आणि कुत्रा दारात निवांत पडला होता. मी त्या उचलून काकांकडे दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. मग एकदा मी त्या दिवसाउजेडी फटीशी सोडल्या आणि कुत्र्याकडे लक्ष ठेवले. तो त्यांच्यावर भुंकला नाही. त्याने त्यांना हुंगले, शेपूट हलवली आणि इतर कोंबड्यांत मिसळू दिले. काका कुंपणावरून म्हणाले, "ताई, तुमचा फौजदार माझ्या कोंबड्यांना रोज अटक करतोय. जामीन किती ते तरी सांगा." तेव्हा आम्ही दोघेही हसलो. पुढे त्या कोंबड्यांनी माझ्याकडेच अंडी घालायला सुरुवात केली, तेव्हा काका हसेनासे झाले. त्यांची अंडी मी पेन्सिलने खूण करून रोज पोचवली आहेत. एक माझ्या हातून फुटले, ते कोणाचे होते हे मला सांगता येत नाही.

फट बुजवणे हे तासाभराचे काम आहे. ते मी केले नाही. कुत्र्याने कोंबड्या आणल्या हे खरे आहे. पण त्या मी येऊ दिल्या, हेही लिहिणे योग्य होईल.

कारण विचारल्यावरून सांगते. उघड्या मानेची कोंबडी परत देताना तिचा पंख माझ्या हातात उलगडला. कोंबड्यांनी कुंपणावरून उडू नये म्हणून एका पंखाची पिसे छाटतात. लोक टोकापासून सरळ कात्री चालवतात. माझा भाऊ टोकाची दोन पिसे ठेवून फक्त आतली छाटत असे, म्हणजे पंख मिटल्यावर छाटलेले दिसत नाही. "ताई, कोंबडीलाही चारचौघींत वावरायचं असतं," असे तो म्हणे. या कोंबडीच्या डाव्या पंखाची टोकाची दोन पिसे शाबूत होती. बाकी दोघींचेही पाहिले. तसेच होते.

अशी छाटणी करणारा जगात तो एकटाच असेल असे माझे म्हणणे नाही. डोळ्यांना हवे ते दिसते, हे मी रोज नकाशे तपासताना इतरांना सांगते. म्हणून मी दोन दिवस काही बोलले नाही. पण कुत्र्याने पंख पाहिलेले नाहीत. त्याने फक्त वास घेतला.

भाऊ चार वर्षांपूर्वी घरातून गेला. त्या सकाळी आमच्यात जे बोलणे झाले ते या तक्रारीला लागू नाही, म्हणून लिहीत नाही. ते फार नव्हते. फोन नंबर बंद आहे. हरवल्याची तक्रार मी दिली नाही, कारण तो हरवला नव्हता, गेला होता.

मी काकांना विचारले की कोंबड्या कोणाकडून घेतल्या. तोपर्यंत त्यांनी तक्रार दिली होती. ते म्हणाले, "आता काय विचारायचं ते ठाण्यात." आज त्यांना इथे बोलावले असल्याने मी पुन्हा विचारले. त्यांनी हवालदारांसमोर सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देते:

"पुलाखाली रविवारचा बाजार भरतो ना, तिथं एक जण छोटा टेम्पो लावतो. दाढीवाला, काटकुळा. दर रविवारी असतोच असं नाही. कोंबडी देताना मला म्हणाला, घरी कुत्रा असेल तर जपा हं. म्हटलं, माझ्याकडे नाही बाबा, शेजारच्या ताईंकडे आहे, फौजदार नावाचा. मग बांधून दिलेल्या कोंबड्या परत घेतल्या, म्हणाला, या नको, दुसऱ्या देतो. आत जाऊन बसला टेम्पोत. मला वाटलं झोपला की काय. बाहेर आला तो या तीन काखेत घेऊन. म्हटलं, अहो, जाईन ना मी आता? तर म्हणाला, फौजदार आहे ना शेजारी, मग काळजी नाही."

मी विचारले, आणखी काही बोलला का. काका म्हणाले, "ताई कशा आहेत, असं विचारलं. मी म्हटलं, बऱ्या आहेत, कुणाशी बोलत नाहीत फारसं." नंतर काका म्हणाले, "अगं, मला काय माहीत," आणि मला पाणी आणून दिले.

हवालदार म्हणाले, "सोपं आहे. तुम्ही लिहा की कोंबड्यांच्या मालकीबद्दल शंका आहे. उद्या रविवारच आहे. दोन शिपाई पाठवतो, टेम्पोसकट उचलून आणतो. समोर उभा करतो तुमच्या."

इथे प्रामाणिकपणे लिहिते की आज मी घरून निघाले ती हेच मागायला. अकरा दिवस मी ते वाक्य मनात जुळवत होते: 'सदर कोंबड्यांच्या मालकीबाबत मला शंका असून विक्रेत्यास बोलवावे.' वाक्य बिनचूक आहे. पण विक्रेता तोच असेल, तर भर बाजारात खांद्यावर शिपायाचा हात पडून तो माझ्यासमोर येईल, आणि नसेल, तर एका भल्या माणसाचा दिवस वाया जाईल. दोन्ही मला नको. त्याने येण्याचा रस्ता स्वतः निवडला आहे. तो लांबचा आहे, एवढेच.

म्हणून सांगते की तिन्ही कोंबड्या काकांच्या आहेत, त्यांच्या मालकीबद्दल मला कसलीही शंका नाही. विक्रेत्याला बोलवू नये. काका तक्रार मागे घ्यायला तयार आहेत. फट जाळीने बुजवण्याची हमी मी देते.

हवालदारांनी शेवटी विचारले, "कडी लावल्यावर कुत्रा काय करतो, ते राहिलं." तो पुढच्या फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसतो. "किती वेळ?" मी हाक मारीपर्यंत. "आणि तुम्ही हाक कधी मारता?" यावर मी जबाब वाचण्यासाठी त्यांच्यापुढे ठेवला.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, तो मी आणि काकांनी ऐकला. वाचताना एका ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, "इथं विक्रेता खोडून भाऊ लिहू?" तूर्त विक्रेता हाच शब्द ठेवावा, अशी मी विनंती केली. बाकी मजकूर मी लिहिल्याप्रमाणेच असून तो खरा आहे.

सहीनंतरची भर, हवालदारांच्या परवानगीने: जाळी परवा लावीन. उद्या फौजदारला दोरी बांधून पुलाखालच्या बाजारात न्यायचे आहे.