डबीतला पतंग

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांची कुजबुज खोलीभर ऐकू येत होती.

"आत गेल्यावर खरं सांगा, दिसत नाही म्हणून."

"दिसतंय की! काल बागेतल्या दिव्याच्या सापळ्यात एकोणीस पतंग आले. सगळे ओळखले मी."

"त्यातलं एक वाळकं पान होतं. वहीत नाव लिहिलंत त्याचं."

"हळू बोल गं."

"मागच्या वेळी अक्षरांचा तक्ता पाठ म्हणून दाखवलात. आता आणखी उशीर झाला, तर ऑपरेशनचाही उपयोग नाही."

"आणि ऑपरेशन बिघडलं तर? नखाएवढे जीव ते. मग काय चाचपडून ओळखू?"

"बरं, ही काचेची डबी घ्या. आज सकाळचा आहे. ओळखा."

"दे इकडे. उजेडात धरू दे... हां. राखाडी रंग, पंखावर दोन ठिपके. नेहमीचाच आहे."

"नक्की?"

"तीस वर्षं हेच करतोय मी!"

"अहो, डबी रिकामी आहे. त्याला सकाळीच झुडपात सोडलं मी."

आजोबांनी डबी उघडून आत बोट फिरवलं.

"म्हणजे यंदाची सगळी वही चुकली."

"नाही चुकली. तुम्ही आंघोळीला गेलात की मी पतंग बघून दुरुस्त करते."

"तू? तुला कुठे ओळखता येतात?"

"तीस वर्षं कानाशी बडबडताय की!"

तेवढ्यात आतून नर्सने विचारलं, "पुढचा नंबर कोणाचा?"

"आमचा. हात धर गं. दिसत नाही मला."